लाज कोणाच्या नावावर?

वाईट वागणुकीचे वर्णन करणारी इंग्रजी विशेषणे आम्ही मराठी माध्यमाच्या शाळेत समानार्थी शब्दांच्या यादीतून शिकलो. 'विकेड', 'शेमफुल', 'हेनस', 'इन्फेमस', 'ॲट्रोशस', 'नेफेरिअस' अशा शब्दांसमोर दुष्ट, लाजिरवाणा, निंद्य, कुप्रसिद्ध, अघोरी, नीच असे प्रतिशब्द लिहिलेले असत आणि ती यादी पाठ झाली की शब्द आपलासा झाला, असे आम्ही समजत असू. पुढे वाचन वाढत गेले तसे दिसू लागले की यातल्या प्रत्येकाची उठबस वेगळी आहे. 'हेनस' हे विशेषण गुन्ह्याखेरीज दुसऱ्या नामाजवळ फारसे फिरकत नाही. आपल्याकडे तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने त्याची व्याख्याच करून टाकली आहे आणि किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा असलेले गुन्हे त्या कायद्यापुरते 'हेनस' ठरतात. 'नेफेरिअस' बेताला आणि कारस्थानाला लागते. 'फ्लेग्रंट' उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत केलेल्या नियमभंगाला लागते. 'इग्नॉमिनिअस' पराभवाला किंवा माघारीला लागते, कारण त्यातली नामुष्की ज्याच्यावर ओढवते त्याची असते. 'डेस्पिकेबल' म्हणणारा माणूस कृत्याइतकीच स्वतःच्या मनातली घृणाही सांगत असतो.

एवढे बारकावे चांगल्या कोशात सापडतात. जे सापडत नाही, ते असे की अशा विशेषणाचे वजन त्याच्या अर्थापेक्षा त्याला जोडलेल्या नामावर अधिक अवलंबून असते. 'लज्जास्पद घटना', 'लज्जास्पद कृत्य' आणि 'आम्हांला लाज वाटते' या तीन रचनांत लाज एकच आहे, पण पहिल्या रचनेत ती कोणाचीच नाही, दुसरीत ती कोणा एका करणाऱ्याची आहे आणि तिसरीत ती बोलणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतली आहे. मला हे कळले ते जालियनवाला बागेविषयीची कागदपत्रे वाचताना. १३ एप्रिल १९१९ च्या संध्याकाळी अमृतसरमध्ये जे घडवले गेले, त्यासाठी इंग्रजीने तेव्हापासून आजपर्यंत एकामागून एक विशेषणे शोधली, वापरली, मागे घेतली, सौम्य केली. आणि ही विशेषणे ओळीने वाचली तर एका सत्तेचा स्वतःशी चाललेला जाबजबाबच डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणून या शब्दांविषयी लिहायचे, तर मला त्याच बागेपाशी जावे लागते.

पहिले विशेषण दुसऱ्याच दिवशी आले आणि ते निंदेचे नव्हते. ब्रिगेडिअर जनरल रेजिनाल्ड डायर यांच्या कारवाईचे वृत्त लाहोरला पोहोचल्यावर पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर मायकेल ओडवायर यांची संमती त्यांना कळवण्यात आली: तुमची कृती 'करेक्ट' आहे आणि लेफ्टनंट गव्हर्नरांना ती मान्य आहे. गणिताच्या उत्तरापुढे किंवा कार्यालयीन टिपणाच्या समासात लिहावा असा हा शब्द आहे. बाहेर जाण्याच्या वाटा अरुंद असलेल्या आवारात, कोणताही इशारा न देता, पन्नास बंदुकधारी सैनिकांनी सुमारे दहा मिनिटे गोळीबार केला होता, १,६५० फैरी झाडल्या गेल्या होत्या आणि जखमींना रात्रभर तिथेच सोडून दिले होते. सरकारने पुढे मृतांचा आकडा ३७९ असा मान्य केला. काँग्रेसच्या चौकशीने तो सुमारे एक हजार धरला. यातले काहीही 'करेक्ट' या शब्दाला शिवत नाही. तो शब्द कृतीकडे पाहतच नाही. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातला हिशेब जुळला, एवढेच तो सांगतो.

दुष्कृत्याची विशेषणे समजून घ्यायची असतील तर आधी अशी कोरडी, निर्मळ दिसणारी विशेषणे वाचायला शिकावे लागते, असे माझे मत झाले आहे. डायर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेखी निवेदन दिले. त्यात त्यांनी म्हटले की प्रश्न केवळ जमाव पांगवण्याचा उरला नव्हता. उपस्थित असलेल्यांवरच नव्हे, तर विशेषतः साऱ्या पंजाबवर लष्करी दृष्टीने पुरेसा 'मॉरल इफेक्ट' घडवणे आवश्यक होते, आणि त्यामुळे 'अन्ड्यू सिव्हेरिटी'चा, म्हणजे गरजेपेक्षा अधिक कठोरपणाचा, प्रश्नच उद्भवत नाही. इथला 'मॉरल' हा शब्द नीतीचा नाही, मनोधैर्याचा आहे. माणसांचे मन मोडण्यासाठी लष्करी परिभाषेने तो वापरला. आणि 'अन्ड्यू' या एका विशेषणात एक पूर्ण युक्तिवाद दडलेला आहे: कठोरपणा होता हे मान्य, पण किती कठोरपणा वाजवी हे आम्हीच ठरवणार असल्यामुळे तो कधीच अवाजवी ठरू शकत नाही.

लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीसमोर डायर यांची साक्ष नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोरला झाली. समितीत तीन हिंदी सदस्य होते: मुंबईचे नामवंत वकील आणि त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू असलेले सर चिमणलाल सेटलवाड, पंडित जगत नारायण आणि सरदार साहिबजादा सुलतान अहमद खान. सेटलवाड यांनी घेतलेली उलटतपासणी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तिच्यातल्या संयमापुढे मान झुकते. प्रश्न छोटे आहेत, आवाज चढलेला नाही आणि प्रश्न विचारणारा कोणतेही जळजळीत विशेषण स्वतः वापरत नाही. तो ती विशेषणे उत्तर देणाऱ्याच्या तोंडून येऊ देतो. चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर त्यांच्यावरील मशीनगन वापरल्या असत्या का, या प्रश्नाला डायर यांनी 'बहुधा होय' असे उत्तर दिले. त्यानंतर, अशा दहशतीच्या पद्धतीने आपण ब्रिटिश राजवटीचे मोठे नुकसान करत आहोत असे आपल्याला वाटले नाही का, असे विचारल्यावर आलेले उत्तर लांबलचक आहे. ते आपले कर्तव्य होते आणि ते 'हॉरिबल' कर्तव्य होते, असे डायर म्हणाले. ती कृती 'मर्सिफुल', दयेची, पण 'हॉरिबल' होती, आणि लोकांनी त्याबद्दल आपले आभार मानायला हवेत, असेही म्हणाले. आणि पुढे: आपण खूप भले करत आहोत, 'विकेड' वागायचे नसते हे त्यांना उमजेल, असे आपल्याला वाटले होते.

दुष्ट वर्तनासाठी इंग्रजीत असलेल्या शब्दांपैकी एक जुना आणि घरगुती शब्द या सबंध प्रकरणात डायर यांच्याच तोंडी, मेलेल्या आणि जखमी झालेल्या माणसांसाठी आला, ही गोष्ट माझ्या मनातून कधीच जात नाही. 'विकेड' हा शब्द बायबलच्या इंग्रजी भाषांतरात पापी माणसासाठी सतत येतो. परीकथांतली सावत्र आई आणि चेटकीण 'विकेड' असते. घरातला मोठा माणूस मुलाला खोड्यांबद्दल दटावतानाही तो वापरतो आणि तेव्हा त्याची धार कमी होऊन तो आपल्या 'वाईट मुलगा' या दटावणीच्या जवळ येतो. डायर यांच्या वाक्यात हे तीनही थर एकत्र आले आहेत. वैशाखीसाठी खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी, सभेला बसलेले नागरिक, त्यांच्याबरोबरची मुले हे सारे त्या वाक्यात एकाच वेळी पापी ठरतात आणि अजाण बालकेही ठरतात. आणि गोळी झाडणारा त्यांचा शिक्षक ठरतो. त्या वाक्यात द्वेषाचा सूरही नाही, आणि ते भयंकर वाटते ते त्यामुळेच. जो स्वतःला शिस्त लावणारा समजतो, त्याला आपल्या कृत्यासाठी विशेषण शोधावेच लागत नाही. सगळी विशेषणे समोरच्यासाठी उरतात.

याच मनोवृत्तीतून गोळीबारानंतर काही दिवसांनी रांगण्याचा हुकूम निघाला होता. ज्या गल्लीत १० एप्रिल रोजी मिस मार्सेला शेरवुड या मिशनरी महिलेवर हल्ला झाला होता, तिथून जाणाऱ्या हिंदी माणसांना पोटावर सरपटत जाण्यास भाग पाडले गेले. मिस शेरवुड यांच्यावरील हल्ला निर्घृण होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही, आणि त्यांना वाचवणारेही स्थानिक हिंदी लोकच होते. पण त्या गल्लीत राहणाऱ्या, त्या हल्ल्याशी संबंध नसलेल्या माणसांना जमिनीवर सरपटायला लावणे ही शिक्षा कोणत्याही गुन्ह्याची नव्हती. ती लाज वाटायला लावण्यासाठीच आखलेली होती. लाजेचा असा वापर करणाऱ्या राजवटीला नंतर स्वतःच्या लाजेसाठी शब्द सापडेनात, यात मला एक सलग धागा दिसतो.

रवींद्रनाथ ठाकूर यांनी मे १९१९ च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून 'सर' ही पदवी परत केली. मानाची चिन्हे अपमानाच्या या विसंगत पार्श्वभूमीवर आमची लाज अधिकच ठळक करतात, अशी वेळ आता आली आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. 'आमची लाज' हे त्यांचे शब्द आहेत. ज्याने काहीही केले नव्हते, अशा माणसाने लाजेचा पहिला उच्चार केला आणि तो स्वतःविषयी केला. बातम्यांवर कडक निर्बंध होते. मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना एप्रिल अखेरीस देशाबाहेर पाठवून देण्यात आले होते. अशा काळात त्या एका पत्राने जे केले, ते कोणत्याही जळजळीत विशेषणाने झाले नसते.

१९२० मध्ये तीन अहवाल वाचायला मिळाले आणि त्या तीनही अहवालांतली विशेषणे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. हंटर समितीच्या बहुमताने डायर यांची चूक 'ग्रेव्ह एरर', गंभीर चूक, ठरवली. विशेषण जड आहे, पण नाम हलके आहे, आणि अशा जोडीत नेहमी नामच जिंकते. चूक कितीही गंभीर असली तरी ती चूकच राहते. तिच्यामागे हेतू नसतो. तीन हिंदी सदस्यांनी वेगळा अहवाल लिहिला आणि त्यात डायर यांनी 'इनह्यूमन' आणि 'अनब्रिटिश' पद्धत अवलंबली, असे म्हटले. पहिले विशेषण निःसंदिग्ध आहे. दुसरे वाचताना मी दर वेळी थांबतो. त्या तिघांनी ते मुत्सद्दीपणाने योजले असणार, हे उघड आहे. ब्रिटिश वाचकाला त्याच्याच आदर्शाची आठवण करून देण्याचा तो मार्ग होता आणि सरकारी समितीत बसून त्याहून कठोर लिहिणे सोपे नव्हते. पण त्या शब्दात एक सवलतही दिली गेली आहे. हे कृत्य ब्रिटिश नाही असे म्हटले, की ब्रिटिशपणा त्यातून सहीसलामत सुटतो.

तिसरा अहवाल काँग्रेसने नेमलेल्या समितीचा. त्यावर महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या सह्या आहेत, आणि तो मार्च १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. गांधीजींनी साक्षी तपासताना आणि लिहिताना अतिशयोक्ती कटाक्षाने टाळली होती. त्या अहवालाने जालियनवाला बागेतील हत्याकांडाला पूर्णपणे निरपराध आणि निःशस्त्र माणसांवर केलेले 'कॅल्क्युलेटेड' अमानुष कृत्य म्हटले. 'कॅल्क्युलेटेड', म्हणजे हिशेब करून, ठरवून केलेले. शाळेतल्या त्या यादीत हा शब्द नव्हता, कारण तो निंदावाचक शब्दच नाही. हिशेब कोणीही करतो. पण या वाक्यात हे साधे विशेषण 'मॉन्स्ट्रस' आणि 'हेनस' यांच्यापेक्षा जड आहे, कारण ते कृत्याच्या भीषणतेविषयी काही न सांगता करणाऱ्याच्या मनाविषयी सांगते. 'गंभीर चूक' या शब्दप्रयोगाला ते जणू उत्तरच ठरते. आणि त्याला आधार होता तो डायर यांच्याच निवेदनाचा: पुरेसा परिणाम साधेपर्यंत गोळीबार चालू ठेवण्याचे आपण ठरवले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. इंग्रजीतून आपला अपमान आणि आपले दुःख मांडण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांपैकी इतक्या नेमकेपणाने ती भाषा वापरणारे थोडेच असतील.

त्यानंतर ८ जुलै १९२० रोजी ब्रिटिश संसदेच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये चर्चा झाली. ब्रिटिश लष्कराचा कारभार पाहणाऱ्या आर्मी कौन्सिलने डायर यांना 'एरर ऑफ जजमेंट', निर्णयातील चूक, या दोषातून मुक्त करता येत नाही, असे ठरवले होते आणि त्या निर्णयाचे समर्थन करण्याची जबाबदारी युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्याकडे होती. भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी चर्चेची सुरुवात केली, आणि हिंदुस्थानवर दहशतीच्या, वांशिक अपमानाच्या बळावर ताबा ठेवायचा आहे का, असा प्रश्न विचारला. त्यांच्यावर जो आरडाओरडा झाला तो त्या सभागृहाला शोभणारा नव्हता. मग चर्चिल बोलायला उभे राहिले. त्यांच्या भाषणातले ते वाक्य पुढे असंख्य वेळा उद्धृत झाले: ब्रिटिश साम्राज्याच्या आधुनिक इतिहासात या प्रसंगाला पूर्वोदाहरण नाही, तोड नाही, ही असामान्य घटना आहे, 'मॉन्स्ट्रस' घटना आहे, 'सिंग्युलर' आणि 'सिनिस्टर' अशा एकाकीपणात उभी असलेली घटना आहे.

वक्तृत्व म्हणून हे वाक्य मोठे आहे, आणि ते बोलायला त्या सभागृहात धैर्य लागले, हेही मी मान्य करतो. निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडून साऱ्या प्रदेशाला धाक घालणे ही ब्रिटिश पद्धत नव्हे, आणि आपले राज्य केवळ शारीरिक बळावर कधीच उभे नव्हते, असे चर्चिल यांनी सांगितले. पण त्यांच्या विशेषणांची दिशा पाहावी. 'मॉन्स्ट्रस' हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी निसर्गक्रमाबाहेरचा जन्म, अपशकून, ही कल्पना आहे. 'सिंग्युलर' म्हणजे एकटी. 'एकाकीपणात उभी' म्हणजे आजूबाजूला काही नाही. सगळे शब्द मिळून त्या घटनेभोवती कुंपण घालतात. तिला आईबाप नाहीत, भाऊबंद नाहीत, ती साम्राज्याच्या पोटी जन्मलेली नाही. १८५७ नंतरच्या शिक्षा ज्यांनी भोगल्या, त्यांच्या नातवंडांना ही घटना इतकी एकटी वाटली नसणार. आणि त्याच एप्रिलमध्ये पंजाबात गुजरानवाला इथे विमानातून बॉम्ब टाकले गेले होते, लष्करी कायद्याखाली उघड्यावर फटके मारले गेले होते. एका गोष्टीला राक्षसी म्हटल्याने बाकीच्या गोष्टी माणसांच्या ठरतात, हा या शब्दाचा धोका आहे.

शिवाय तिथले नाम 'इव्हेंट' हे होते. घटना घडते, तिला कर्ता लागत नाही. मराठीतही आपण ही पळवाट रोज पाहतो. माणसांनी केलेल्या हलगर्जीपणाने पूल कोसळतो, आग लागते, माणसे मरतात, आणि सरकारी शोकसंदेशात ती 'दुर्दैवी घटना' होते. दैवाला आरोपी केले की कोणाचाही जबाब घ्यावा लागत नाही. जालियनवाला बागेच्या बाबतीत मात्र आपल्या भाषेने पहिल्यापासून 'हत्याकांड' हे नाम धरून ठेवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या चौकशी समितीचे अधिकृत नावच दंगलींच्या चौकशीची समिती असे होते, तिच्या अहवालात हा शब्द सहज येणे शक्य नव्हते.

कॉमन्समध्ये सरकारची बाजू टिकली. पण बारा दिवसांनी, २० जुलै १९२० रोजी, हाऊस ऑफ लॉर्ड्सने लॉर्ड फिन्ले यांचा ठराव ८६ विरुद्ध १२९ मतांनी संमत केला, आणि त्यात 'अनजस्ट', अन्याय्य, हे विशेषण डायर यांना मिळालेल्या वागणुकीला लावले गेले. ज्या प्रकरणात शेकडो माणसे मेली, त्यात ब्रिटिश संसदेच्या एका सभागृहाने अन्याय हा शब्द औपचारिकपणे वापरला तो गोळीबार करणाऱ्याच्या बाजूने. 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्राने त्यांच्यासाठी निधी उभारला आणि त्यात २६,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. आता चर्चिल यांचा 'मॉन्स्ट्रस' तेवढा सर्वांच्या लक्षात राहिला आहे. त्याच महिन्यातला 'अनजस्ट' विसरला गेला. दोन्ही शब्द शेजारी ठेवल्याशिवाय त्या जुलै महिन्याचे चित्र खरे होत नाही.

विशेषणे आणि नामे यांचा हिशेब एकदा न्यायालयातही झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असलेले सर शंकरन नायर यांनी पंजाबातल्या लष्करी कायद्याच्या निषेधार्थ १९१९ मध्ये राजीनामा दिला होता. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी लिहिले की माँटेग्यू-चेम्सफर्ड राजकीय सुधारणा येण्यापूर्वी पंजाबात आपल्याला पुरेपूर ठाऊक असलेले अत्याचार करणे लेफ्टनंट गव्हर्नर या एका व्यक्तीच्या हाती होते. त्यांनी वापरलेला शब्द होता 'ॲट्रॉसिटीज'. ओडवायर यांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. १९२४ मध्ये पाच आठवडे सुनावणी चालली. न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी, जनरल डायर त्या परिस्थितीत योग्य वागले, असे आपले मत ज्यूरीपुढे मांडले, आणि बारापैकी अकरा ज्यूरींनी ओडवायर यांच्या बाजूने कौल दिला. विरोधात एकटे राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्की होते. नायर यांना ५०० पौंड नुकसानभरपाई आणि खर्च द्यावा लागला. माफी मागितली तर ही रक्कम सोडून देऊ, असे ओडवायर यांनी कळवले असता नायर यांनी नकार दिला. चर्चिल यांनी 'मॉन्स्ट्रस इव्हेंट' म्हटले तेव्हा कोणी दावा लावला नव्हता, कारण घटनेची बदनामी होत नाही. नायर यांच्या वाक्यात मात्र करणारा नावानिशी नसला तरी पदानिशी उभा होता, आणि म्हणूनच त्या वाक्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

यानंतरची सात दशके मी ओलांडून पुढे जातो. ऑक्टोबर १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ भारतात आल्या असताना नवी दिल्लीतल्या मेजवानीच्या भाषणात त्यांनी आपल्या भूतकाळातल्या काही 'डिफिकल्ट' प्रसंगांचा उल्लेख केला आणि जालियनवाला बाग हे त्याचे 'डिस्ट्रेसिंग' उदाहरण असल्याचे सांगितले. 'डिस्ट्रेसिंग' म्हणजे क्लेशदायक. रुग्णाचा अहवाल क्लेशदायक असतो, अपघाताची बातमी क्लेशदायक असते. हे विशेषण पाहणाऱ्याच्या मनाचे वर्णन करते आणि दोषाचा कोणताही अंश त्यात नाही. त्या मानाने २० फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी बागेतल्या अभ्यागतांच्या वहीत लिहिलेले वाक्य बरेच पुढे गेलेले आहे: ही ब्रिटिश इतिहासातील 'डीपली शेमफुल', अत्यंत लज्जास्पद, घटना होती आणि चर्चिल यांनी तिला 'मॉन्स्ट्रस' म्हटले ते योग्यच होते. इथे लाज हा शब्द अखेर आला आणि 'ब्रिटिश इतिहासातील' असेही आले. मला ते वाचून समाधान वाटले होते, हे मी लपवत नाही. तरी नाम तेच होते, १९२० चेच, घटना.

एप्रिल २०१९ मध्ये शताब्दीच्या तोंडावर संसदेत पुन्हा चर्चा झाली. परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री मार्क फील्ड यांनी ९ एप्रिल रोजी माफीविषयी संकोच व्यक्त करताना दोन कारणे दिली: माफी मागण्याचे आर्थिक परिणाम होऊ शकतात, आणि अनेक घटनांबद्दल माफी मागत गेलो तर माफीचेच मोल उतरते. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान थेरेसा मे यांनी जालियनवाला बागेची शोकांतिका हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या इतिहासावरील 'शेमफुल' व्रण असल्याचे सांगितले आणि जे घडले त्याबद्दल व झालेल्या यातनांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. कॅमेरॉन यांच्या वाक्याशी हे ताडून पाहिले तर विशेषण तेच राहिले आहे, पण 'ब्रिटिश इतिहास' जाऊन त्या जागी 'ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास' आला आहे, आणि घटनेच्या जागी शोकांतिका आणि व्रण आले आहेत. व्रण हा जखम भरल्यावर उरतो आणि तो ज्याला जखम झाली त्याच्या अंगावर असतो. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी त्याच वेळी 'फुल, क्लिअर अँड अनइक्विव्होकल' म्हणजे पूर्ण, स्पष्ट आणि निःसंदिग्ध माफीची मागणी केली. या एकाच वेळी विशेषणे माफीला लागली, मेलेल्यांच्या दुःखाला नाहीत, आणि ती योग्य जागी लागली असे मला वाटते. फील्ड यांचे आर्थिक परिणामांविषयीचे वाक्य मला राग आणणारे वाटले, तरी त्यातला प्रामाणिकपणा उपयोगी आहे. लज्जास्पद म्हणण्याला खर्च येत नाही आणि माफीला येतो, हे त्यांनी सरळ सांगितले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला गेले आणि स्मारकासमोर जमिनीवर पालथे पडले. इथे केल्या गेलेल्या गुन्ह्याच्या परिणामांबद्दल मला फार लाज वाटते आणि मी क्षमा मागतो, अशा अर्थाचे ते बोलले. त्यांचे विशेषण 'अशेम्ड' हे होते. इंग्रजीत 'शेमफुल' घटनेला, कृत्याला, इतिहासाला लावता येते. 'अशेम्ड' फक्त माणसालाच लावता येते, आणि बहुधा तो माणूस ते स्वतःलाच लावतो. त्यांच्या वाक्यातले नामही 'गुन्हा' हे होते, आणि तो 'केला गेलेला' होता. शंभर वर्षांत या विषयावर उच्चारल्या गेलेल्या इंग्रजी वाक्यांमध्ये हे मला सर्वांत साधे आणि सर्वांत पूर्ण वाटते. कसलेल्या वक्त्याचे त्यात काहीच नाही. मात्र आपण धर्मगुरू आहोत, राजकारणी नाही, आणि सरकारच्या वतीने बोलू शकत नाही, असेही वेल्बी यांनी तिथेच सांगितले. ज्यांना सरकारच्या वतीने बोलता येते, त्यांची औपचारिक माफी अजून आलेली नाही.